कोंबड्याचा तुरा आणि उंदराची आई

जर्मनीतल्या गटिंगेनचे शास्त्रज्ञ आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी १८४९ साली सहा कोंबड्यांचे वृषण काढले. दोघांना तसेच सोडले. उरलेल्या चौघांच्या पोटात एकेक वृषण बसवले. त्यांपैकी दोघांना तर एकमेकांचे. पहिल्या दोघांचा तुरा खुरटला, झुंजायची खुमखुमी गेली. बाकीचे चौघे खुशाल बांग देत होते, भांडत होते. वृषणाच्या नसा तर तुटलेल्या, मग निरोप पोचत होता कसा? रक्तातून, असे बर्थोल्ड म्हणाले.

संप्रेरके (शरीरात रक्तातून निरोप नेणारी रसायने) आणि वर्तन हा विषय शिकवताना सुरुवात बहुधा इथूनच होते. काढून बघा, परत देऊन बघा: पद्धत चोख आहे. पण त्यातून विद्यार्थ्यांचा एक गैरसमज हमखास होतो, की वृषणातले टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढले की प्राणी भांडणारच. संप्रेरक वर्तनाची शक्यता फक्त कमी-जास्त करते. शिवाय उलटेही घडते. काही पक्ष्यांमध्ये हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला की त्यानंतर नराचे टेस्टोस्टेरॉन वाढते.

ताणाचे मोजमाप तर आणखी फसवे. ताणाच्या संप्रेरकांपैकी ॲड्रेनालिन काही सेकंदांत उसळते, कॉर्टिसॉल सावकाश चढते. प्रयोगशाळेत माणसाला परीक्षकांसमोर भाषण करायला लावतात, मग १०२२ मधून १३-१३ वजा करत मोठ्याने मोजायला सांगतात. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांचे चेहरे मुद्दाम कोरे ठेवलेले. (परीक्षा संपल्यावरही छाती का धडधडते, हे विद्यार्थ्यांना वेगळे समजवावे लागत नाही.) लाळेतल्या कॉर्टिसॉलचा कळस ताण सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी येतो. त्यात सकाळी ते मुळातच जास्त असते. एकाच नमुन्यावरून कुणाला ‘तणावग्रस्त’ ठरवणे मला तरी पटत नाही.

याहून मोलाचा प्रश्न म्हणजे, ताण ओसरतो कसा? कॉर्टिसॉल मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ग्राहींना (संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटते आणि स्वतःचेच उत्पादन थांबवायला लावते. उंदरांमध्ये हेच काम कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक करते. संशोधक मायकेल मीनी यांच्या गटाला दिसले की ज्या माद्या पिल्लांना जास्त चाटतात, त्यांच्या पिल्लांत हे ग्राही मोठेपणी जास्त असतात आणि ताणाची प्रतिक्रिया लवकर निवळते. हा गुण जनुकांतून आला असेल, ही शंका रास्तच. म्हणून जन्मताच पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले जास्त चाटणाऱ्या आईकडे वाढली, तर ती दत्तक आईच्या वळणावर गेली. त्यांतल्या माद्यांनी पुढे आपल्या पिल्लांनाही तसेच भरपूर चाटले.