खड्डा चुकवताना गाडी ठोकली? चूक कुणाची आणि खर्च कुणाचा

(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी, पावसाळ्यात गाडीत ठेवा)

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे टोचन लावून येणाऱ्या गाड्या वाढतात आणि काउंटरवर पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "माझी काही चूक नाही हो, खड्डा चुकवायला गेलो". खड्डा खरा असतो, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही स्टिअरिंग फिरवलं आणि शेजारून चाललेल्या ॲक्टिवावाल्याला घासलात तर त्याच्या दृष्टीने त्याला खड्ड्याने नाही, तुम्ही उडवलंय, आणि कोर्ट पण आधी तुम्हालाच विचारणार की आरशात बघितलं का, स्पीड किती होता, पुढच्या गाडीत अंतर किती ठेवलं होतं. सांभाळून गाडी चालवणाऱ्या माणसाने त्या जागी काय केलं असतं, एवढाच मुद्दा असतो. पावसात रस्त्याला खड्डे असणार हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पण माहितीये, त्यामुळे "अचानक आला" हे फार चालत नाही. कुत्रं किंवा माणूस खरंच एकदम आडवं आलं तर गोष्ट थोडी वेगळी, पण तिथेही स्पीड विचारतातच.

आमचं स्पष्ट मत, बाजूला जागा आहे की नाही माहिती नसेल तर आपल्या लेनमध्येच स्पीड कमी करा आणि खड्ड्यातून जाऊ द्या. रिम वाकेल, सस्पेन्शनचे रबरी बुश जातील, ते आम्ही बघू.

आता करकचून ब्रेक मारला आणि मागचा येऊन आदळला तर? लोक म्हणतात मागून ठोकणाऱ्याचीच चूक. बऱ्याचदा तसंच असतं कारण अंतर ठेवणं त्याचं काम आहे, पण दरवेळी नाही. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कोइमतूरच्या एका केसमध्ये काय केलं बघा. हायवेवर कारवाल्याने बायकोला मळमळतंय म्हणून काही इशारा न देता गाडी थांबवली, मागचा बाईकवाला कॉलेजचा पोरगा कारवर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली, पाय गेला. कोर्टाने कारवाल्याची चूक ५० टक्के धरली, बसची ३० आणि त्या पोराची स्वतःची २०, म्हणजे त्याच्या भरपाईतून २० टक्के कापले गेले. चूक अशी वाटली जाते, सगळी एकाच्याच गळ्यात पडेल असं नाही.

रस्तेवाल्यांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात, चिडून विचारतात आणि बरोबरच आहे. मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं, रस्ता ठरलेल्या दर्जाचा ठेवला नाही आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर कंत्राटदाराला किंवा जबाबदार यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड, पण तो दंड सरकारी फंडात जातो, तुमच्या खिशात नाही. खिशात येईल असं काही झालं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, मुंबई हायकोर्टाने सांगितलं की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर घरच्यांना ६ लाख आणि जखमीला जखमेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख द्यायचे, महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती ते ठरवणार. हे माणसाच्या इजेसाठी आहे, बंपरसाठी नाही.

बंपरसाठी तुमचा इन्शुरन्स. इथे लोक उगाच घाबरतात. समोरच्याला पैसे द्यायचे तेव्हा चूक कुणाची हे लागतं, पण फुल इन्शुरन्स असेल तर स्वतःच्या गाडीच्या क्लेमला तुमची चूक असली तरी पैसे मिळतात, फक्त दारू पिऊन किंवा लायसन्स नसताना चालवलेली नको. म्हणून खोटी स्टोरी लिहू नका. इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) दार बघतो, ओरखडा पुढून मागे गेलाय का मागून पुढे, त्यात समोरच्या गाडीचा पेंट लागलाय का डिव्हायडरचा पिवळा, त्याला दोन मिनिटांत कळतं, आणि मग सरळ मिळणारा क्लेम पण अडकतो. नुसता थर्ड पार्टी (फक्त समोरच्याचं नुकसान भरणारा इन्शुरन्स) असेल तर तुमच्या गाडीला कंपनीकडून शून्य. लायसन्स संपलेलं असेल तर कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते.

नुसता टायर फुटला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही, सोबत गाडीचं दुसरं नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्के.

आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी. खड्ड्याच्या कडेला खालून दगड लागतो, चेंबरला बारीक चीर जाते, मीटरवर लाल किटलीचं चिन्ह पेटतं आणि माणूस म्हणतो गॅरेज दोन किलोमीटरवर तर आहे, जाऊ हळूहळू. ऑइल गळून जातं, इंजिन सीज. चेंबरचा क्लेम पास होतो, इंजिनचा कंपनी नाकारते, कारण ते नुकसान खड्ड्याने नाही, नंतर गाडी चालवल्याने झालं (पॉलिसीसोबत इंजिन प्रोटेक्टचा ॲडऑन, म्हणजे इंजिनसाठीचा जादा विमा, घेतला असेल तर त्याच्या अटी आम्हाला दाखवा). तो दिवा लागला की जागेवर बंद करा आणि फोन करा.

कुणाला लागलं असेल तर आधी दवाखाना, मग पोलीस, कायद्याने २४ तासांच्या आत कळवायचंच आहे. जागेवर हजार-दोन हजार देऊन मिटवलं आणि आठवड्याने समोरच्याने केस टाकली असं होतं, म्हणून पोलिसांना आधीच कळवून टाका. उलटं तुम्ही जखमी असाल तर क्लेम ट्रिब्युनलचा (अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट) अर्ज सहा महिन्यांच्या आत टाका, वकिलाला लवकर भेटा.

फोटो गाडी हलवायच्या आधी काढा. गाडीच्या डेंटचा फोटो नंतर पण काढता येतो, पण खड्ड्याचा आत्ताच, कारण दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यात मुरूम नाहीतर पेव्हर ब्लॉक भरून जातं. मागे दुकानाची पाटी किंवा किलोमीटरचा दगड येईल असा एक लांबून घ्या, टायरच्या खुणा असतील तर त्या पण. डॅशकॅम असेल तर क्लिप लगेच मोबाईलमध्ये घ्या, नाहीतर कार्डवर पुढचं रेकॉर्डिंग चढतं.

येताना आरसी, लायसन्स, पॉलिसी आणि पोलिसांकडे गेला असाल तर पंचनाम्याची कॉपी आणा. गाडी खोलायच्या आधी कंपनीला कळवावं लागतं, ते आम्ही तुमच्यासमोर करतो, सर्व्हेअर येईपर्यंत गाडीला हात लावत नाही. एस्टिमेटचे पैसे घेत नाही.