वनस्पतींचे डीएनए बारकोडिंग

पान, साल किंवा मुळाच्या तुकड्यातील डीएनएचा ठरावीक भाग वाचून वनस्पतीची जात ओळखण्याची पद्धत. कॅनडातील जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये प्राण्यांसाठी सीओआय हे जनुक सुचवले. वनस्पतींत ते फार सावकाश बदलते, त्यामुळे जाती वेगळ्या करायला उपयोगी पडत नाही. म्हणून २००९ मध्ये हरितलवकातील आरबीसीएल आणि मॅटके या जनुकांची जोडी ठरली. जवळच्या जातींसाठी केंद्रकातील आयटीएस हा भागही वाचतात.

हिची गरज ठाण्याच्या बाजारात शेवळ ही रानभाजी पाहिली की पटते. पावसाच्या सुरुवातीला आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. तपकिरी-जांभळट आवरणातले हे कोंब म्हणजे न उमललेला फुलोरा; शेजारी त्याची खाज मारणाऱ्या काकड या आंबट फळांचे वाटे. फुलोरा येतो तेव्हा पान नसते. पान छत्रीसारखे पसरते तोवर फुलोरा गेलेला असतो. सुरण याच प्रजातीतला (जवळच्या जातींच्या याच गटातला), पानही त्याच धाटणीचे. पुस्तकातून ओळखायचे तर फूल लागते आणि ठाण्याजवळच्या येऊरच्या उतारावर पावसाळ्याचा बराच काळ हाती नुसते पान असते. डीएनए मात्र फुलोऱ्यात आणि पानात एकच.

संवर्धनात याला मोल आहे. फुलोरा खुडला की त्या वर्षी त्या कंदाला बी धरत नाही, तेव्हा कोणती जात कुठे उरली हे पानांवरूनही मोजता आले पाहिजे. औषधी सालींचेही तसेच: सीता अशोकाच्या नावाखाली आसुपालवाची साल विकली जाते आणि वाळलेल्या सालीचा चुरा डोळ्यांनी ओळखणे अवघड.

पान सिलिका जेलमध्ये झटपट वाळवतात, डीएनए काढतात, पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राने हवा तो भाग वाढवतात आणि त्याचा क्रम संदर्भसंग्रहाशी, म्हणजे नाव ठरलेल्या नमुन्यांच्या क्रमांशी ताडतात. चिकट रसाच्या पानांतून स्वच्छ डीएनए काढताना कस लागतो. मर्यादाही आहेत. हरितलवक बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडूनच येते, त्यामुळे संकराचा बाप आरबीसीएल-मॅटके या जोडीतून कळत नाही.

मोठी अडचण मात्र संग्रहाची आहे. तिथे मूळ नमुन्यालाच चुकीचे नाव लागले असेल, तर पुढची प्रत्येक ओळख चुकते. म्हणून डीएनए घेतलेल्या झाडाचा दाबून वाळवलेला नमुना, जागा आणि तारखेसह, वनस्पतिसंग्रहालयात ठेवणे भाग आहे. शेवळासाठी खुणेच्या त्याच कंदापाशी दोनदा जावे लागते: जूनमध्ये फुलोऱ्यासाठी, ऑगस्टमध्ये पानासाठी.