लवचीक नॅनोतार एलईडी

लवचीक नॅनोतार एलईडी : अर्धसंवाहक स्फटिकाच्या बारीक तारा मऊ, पारदर्शक पॉलिमरमध्ये बसवून केलेला, वाकवता येणारा प्रकाश-उत्सर्जक डायोड. प्रकाश देणारा पदार्थ नेहमीच्या निळ्या-पांढऱ्या एलईडीतलाच, म्हणजे बहुधा गॅलियम नायट्राइड. तो लवचीक नाही. चांगलाच कडक आणि ठिसूळ आहे. वाकतो तो तारांमधला पॉलिमर.

कोणतीही पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते. पट्टी जितकी जाड आणि वळण जितके लहान, तितका ताण जास्त. नेहमीचे निळे एलईडी नीलमाच्या ज्या चकतीवर वाढवतात ती सुमारे ४३० मायक्रोमीटर जाड असते. ती ५ मिलिमीटर त्रिज्येत वळवायची तर पृष्ठभाग ४ टक्क्यांहून अधिक ताणला जायला हवा. चकती त्याच्या कितीतरी आधीच तडकते. उभ्या तारांचे तसे नाही. त्या ब्रशच्या केसांसारख्या सुट्या असतात. त्यांना धरून ठेवणारी पॉलिमरची झिल्ली (पातळ पडदा) वळली की तारा एकमेकींपासून थोड्या कलतात, पण प्रत्येक तार सरळच राहते.

प्रत्येक तार हा एक पूर्ण डायोड असतो. मधला गाभा एन-प्रकारचा (ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन पुरवणारा), त्याभोवती जिथे प्रकाश तयार होतो ते इंडियम गॅलियम नायट्राइडचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आणि सर्वांत बाहेर मॅग्नेशियम मिसळलेले पी-प्रकारचे (धन प्रभार पुरवणारे) कवच. प्रकाश टोकाऐवजी मुख्यतः तारेच्या बाजूंवरून निघतो, आणि ही जागा पुष्कळ असते : १ मायक्रोमीटर व्यासाच्या, १० मायक्रोमीटर उंच तारेची बाजू तिच्या माथ्याच्या ४० पट भरते. (इतक्या जाड तारेला ‘नॅनो’ म्हणणे तसे ओढूनताणूनच, पण नाव रूढ झाले आहे.)

तारा आधी नीलमाच्या चकतीवर, उच्च तापमानाला, वायूंमधून वाढवतात. मग त्यांवर सिलिकोन रबर ओतून ते भट्टीत घट्ट करतात. तारांची टोके उघडी करून त्यांवर चांदीच्या नॅनोतारांची पारदर्शक जाळी पसरतात. म्हणजे एकाच उपकरणात दोन जातींच्या नॅनोतारा : एक उजळणारी, दुसरी नुसता प्रवाह वाहणारी. नेहमीचा पारदर्शक विद्युतअग्र, इंडियम टिन ऑक्साइड, इथे चालत नाही, कारण वाकवल्यावर त्याला भेगा पडतात. शेवटी कड उचलून झिल्ली सोलतात. तारा बुडाशी सुटून तिच्यासोबत येतात. झिल्ली उलटून दुसऱ्या बाजूलाही जोडणी केली की काम झाले.

२००८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठात झिंक ऑक्साइडच्या तारांचा लवचीक एलईडी झाला. नायट्राइडच्या उभ्या तारांचे ठळक काम २०१५ चे, फ्रान्समधील पॅरिस-सूद विद्यापीठातल्या गटाचे. त्यांचा निळा एलईडी सुमारे ३ व्होल्टला उजळे, ३ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत पुन्हा पुन्हा वाकवूनही मंदावला नाही आणि कोणत्याही संरक्षक आवरणाशिवाय महिन्याहून अधिक काळ हवेत टिकला. सेंद्रिय एलईडी (कार्बनी संयुगांचे, म्हणजे ओएलईडी) वाकतात खरे, पण त्यांना दमट हवेपासून फार जपावे लागते. त्या मानाने ही मोठी जमेची बाजू. त्याच गटाने निळ्या आणि हिरव्या तारांच्या झिल्ल्या एकावर एक ठेवून दोन रंगांचा एलईडीही केला. कोरियात ग्राफीनवरच (कार्बनच्या एक अणू जाडीच्या पापुद्र्यावर) गॅलियम नायट्राइडच्या काड्या वाढवण्याचा वेगळा मार्ग चोखाळला गेला.

मोठी अडचण उष्णतेची. सिलिकोन रबर उष्णता नीलमाच्या जवळपास दोनशेपट कमी वाहून नेते, त्यामुळे प्रवाह वाढवला की तारा तापतात. दुसरी अडचण सूक्ष्मदर्शकाखाली लगेच दिसते : नुसत्या डोळ्यांना सलग वाटणारा उजेड तिथे सुट्या ठिपक्यांचा होतो. काही ठिपके लख्ख, काही मिणमिणते, काही साफ काळे. एखादी तार बुटकी राहिली की चांदीची जाळी तिच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. शिवाय तारेच्या टोकाशी आणि कडांवर इंडियम अनेकदा जास्त जमते (जास्त इंडियम म्हणजे उजेड हिरव्याकडे झुकलेला), म्हणून कमी प्रवाहावर हिरवट दिसणारा ठिपका प्रवाह वाढवताच निळा होतो.