शेंगेन व्हिसा: एका अर्जात एकोणतीस देश कसे आले?

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या एकोणतीस देशांत चालणारा एकच व्हिसा. त्याची गोष्ट एका रस्ताकोंडीपासून सुरू होते. फेब्रुवारी १९८४ मध्ये इटली आणि फ्रान्सच्या सीमेवर जकात कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे आल्प्समध्ये मालट्रक अडकून पडले. वैतागलेल्या चालकांनी रस्तेच अडवले. त्याच वर्षी १३ जुलैला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने सारब्रुकेन इथे आपसातली सीमातपासणी सैल करण्याचा करार केला. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्यात अशी मोकळीक आधीपासून होतीच. हे पाचही देश १४ जून १९८५ रोजी मोझेल नदीतल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ या बोटीवर आपसातली सीमातपासणी उठवण्याच्या करारावर सह्या करायला जमले. जवळचं लक्झेंबर्गमधलं खेडं म्हणजे शेंगेन. तिथे फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्गच्या हद्दी मिळतात. व्हिसाचे तपशीलवार नियम मात्र १९ जून १९९० च्या दुसऱ्या करारात ठरले आणि अंमल सुरू झाला २६ मार्च १९९५ ला. तोवर स्पेन आणि पोर्तुगाल धरून सात देश झाले होते.

आतली नाकी उठली की परक्या प्रवाशाची तपासणी फक्त बाहेरच्या सीमेवर आणि त्याआधी दूतावासात उरते. एका देशाच्या अधिकाऱ्याने दिलेला व्हिसा बाकीच्यांना मान्य करावा लागतो. अर्जदाराला जाच वाटणारे बरेचसे नियम या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

‘अर्ज कुठल्या देशाकडे?’ हा नियम त्यातला पहिला. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, किंवा प्रवासाचा मुख्य हेतू जिथे, तो देश. दिवस सारखेच असतील तर जिथे प्रथम उतरणार तो. फ्रान्समध्ये चार रात्री, स्वित्झर्लंडमध्ये पाच आणि इटलीत तीन असतील, तर विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडेच. ज्याची अपॉइंटमेंट लवकर मिळते त्या देशाकडे अर्ज करून कार्यक्रम नंतर फिरवायचा, हा सल्ला एजंट सर्रास देतात. हॉटेलांची आरक्षणं आणि विम्याचा कागद यांचा मेळ बसला नाही की तो अंगाशी येतो. (स्वित्झर्लंड १२ डिसेंबर २००८ ला या व्यवस्थेत आलं, त्याआधी पॅरिस-लुसर्न अशा सहलींना व्हिसाची दोन वेगळी प्रकरणं करावी लागत.)

देश वाढत गेले तसा कायदाही वाढला. १९९९ मध्ये आम्स्टरडॅम करार लागू झाला आणि शेंगेनचे नियम युरोपीय संघाच्या कायद्यात आले. २००१ च्या नियमावलीत व्हिसा लागणाऱ्या देशांची सामायिक यादी आली, त्यात भारत आहे. २००४ पासून प्रवास-वैद्यकीय विमा सक्तीचा झाला: किमान ३०,००० युरोचा, सर्व शेंगेन देशांत चालणारा, आजारी प्रवाशाला मायदेशी आणण्याचा खर्च धरून. ५ एप्रिल २०१० पासून व्हिसा संहिता, म्हणजे व्हिसाचे नियम एकत्र करणारा कायदा, लागू झाली. नकाराची कारणं ठरावीक छापील नमुन्यात देणं आणि अपिलाचा हक्क हे त्यानंतर वर्षभराने आलं. अपील मात्र नकार देणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार करावं लागतं.

नव्वद दिवसांचा हिशेब सगळ्यांत जास्त चुकतो. पूर्वी नियम ‘पहिल्या प्रवेशापासून सहा महिन्यांत तीन महिने’ असा होता. त्यात पळवाट होती: एक दिवस जाऊन यायचं, सहामाहीच्या शेवटी उरलेले दिवस राहायचं आणि नवी सहामाही लागताच पुढचे तीन महिने जोडायचे. १८ ऑक्टोबर २०१३ पासून ‘कोणत्याही १८० दिवसांत ९०’ असा सरकता हिशेब आला. मुक्कामातल्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे, येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरून. समजा, कुणी १ ते ३० एप्रिल आणि १ जुलै ते २९ ऑगस्ट २०२५ तिथे राहिलं: ३० अधिक ६०, कोटा संपला. पुढचा प्रवेश २८ सप्टेंबरला, कारण त्या दिवशी १ एप्रिल मागच्या १८० दिवसांच्या बाहेर जातो. हे ९० मल्टिपल एंट्री (अनेकदा ये-जा करता येणाऱ्या) व्हिसालाही लागू आहेत. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टिकरवर ‘मुक्कामाचे दिवस’ त्याहून कमी लिहिलेले असतील तर तेच खरे. वैधतेच्या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे मुक्काम नव्हे.

बोटांचे ठसे भारतात २ नोव्हेंबर २०१५ पासून घेतले जाऊ लागले. ते ५९ महिने पुन्हा वापरता येतात. बारा वर्षांखालच्या मुलांना त्यातून सूट आहे. २०२० च्या सुधारणेने अर्ज सहा महिने आधी करता येऊ लागला (उशिरात उशिरा १५ दिवस आधी), आणि शुल्क ६० वरून ८० युरो झालं. ११ जून २०२४ पासून ते ९० आहे, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५. नकार आला तरी ते परत मिळत नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण कायद्याने ४५ पर्यंत लागू शकतात.

१८ एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी खास सोय आहे: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा. पासपोर्टची मुदत तेवढी नसेल तर व्हिसाही तोकडा मिळतो. आयर्लंड आणि ब्रिटन या व्यवस्थेत नाहीत, त्यामुळे सिंगल एंट्री (एकदाच प्रवेशाच्या) व्हिसावर पॅरिसहून लंडनला गेल्यावर पुन्हा शेंगेनमध्ये शिरता येत नाही. रोमानिया आणि बल्गेरिया मात्र १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत आहेत. तिथले दिवसही आता त्याच ९० मध्ये मोजले जातात.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या सीमांवर शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. व्हिसाधारकांचे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असल्याने सीमेवर ते फक्त ताडून पाहतात आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. पुसट शिक्क्याचा फायदा घेऊन दोन दिवस जास्त राहण्याची सोय त्यामुळे संपली.