खोकल्यासरशी लघवी सुटणे आणि लघवीची घाई न आवरणे

बाळंतपणानंतर कित्येक स्त्रिया डॉक्टरांना दबक्या आवाजात ‘लघवी सुटते’ एवढेच सांगतात. ऐकणाराही बहुधा ‘होतं असं, बसेल हळूहळू’ म्हणून विषय संपवतो. परंतु या दोन शब्दांत दोन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. दोन्हींत कपडे सारखेच ओले होतात, मात्र कारणे वेगळी असल्यामुळे उपायही वेगळे असतात, आणि एकीला उपयोगी पडणारा सल्ला दुसरीचा त्रास वाढवू शकतो.

पर्वतीच्या पायऱ्या उतरताना, पावसाळ्यातल्या खड्ड्यातून स्कूटर उसळताना, शिंकताना, खळखळून हसताना किंवा पाण्याची बादली उचलताना जिची लघवी थोडीशी सुटते, तिला त्याआधी लघवीची भावना झालेली नसते. पोटावर दाब आला की थेंब सुटतात आणि दाब ओसरला की थांबतात. अशा स्त्रीला रात्री झोपेत सहसा त्रास नसतो. याला दाबामुळे होणारी गळती, म्हणजे स्ट्रेस प्रकार म्हणतात. याउलट, लक्ष्मी रस्त्यावर दोन तास खरेदी करून निवांत घरी परतलेली स्त्री दाराच्या कुलपात किल्ली घालते आणि त्याच क्षणी अशी घाई उठते की बाथरूम गाठेपर्यंत धीर धरवत नाही. हा घाईचा, म्हणजे इंग्रजीत ‘अर्ज’ (urge) म्हणतात तो प्रकार होय. यात सुटणारी लघवी बऱ्याचदा जास्त असते, नळाच्या आवाजानेही घाई होते आणि रात्रीही उठावे लागते. त्यामुळे तपासताना ‘किती सुटते’ याआधी ‘सुटण्यापूर्वी काय झाले’ हे विचारणे अधिक उपयोगाचे असते.

पहिल्या प्रकारात दोष आधाराचा असतो. जघनास्थीपासून, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून, माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात, आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांचा भार ती तोलते. गरोदरपणात वाढत्या गर्भाचे ओझे तिच्यावर महिनोन्महिने असते, आणि योनिमार्गे प्रसूती होताना ती कमालीची ताणली जाते; बाळ बाहेर काढण्यासाठी चिमटा लावावा लागला किंवा बाळ वजनदार असले तर इजेची शक्यता वाढते. सिझेरियनमुळे हा धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण ओझे वाहून झालेलेच असते. पोटाला बांधलेला पट्टा कंबरेला बरा वाटतो, मात्र या झोळीला तो बळ देत नाही.

दुसऱ्या प्रकारात आधार शाबूत असू शकतो. बिघाड मूत्राशयाच्या वागण्यात असतो. सर्वसाधारणपणे १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते आणि ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू सैल राहून साठवण चालू ठेवतो. घाईच्या प्रकारात हा स्नायू मूत्राशय भरण्याआधीच, आपल्या परवानगीशिवाय आकुंचन पावतो. जंतुसंसर्ग आणि मधुमेह यांतही वारंवार लघवी लागते, म्हणून व्यायामाकडे वळण्यापूर्वी लघवीची आणि रक्तशर्करेची तपासणी करून घ्यावी.

येथे पुण्यातल्या घराघरांत ऐकू येणाऱ्या ‘निघताना एकदा जाऊन ये’ या सल्ल्याचा विचार करावा लागतो. सल्ला देणाऱ्या आईला दोष देता येत नाही. जुन्या बसगाड्यांतून स्त्रियांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहे २०१६ मध्ये या शहरात सुरू झाली तरी बाहेर स्वच्छ जागा हमखास मिळेल असे आजही म्हणवत नाही. दाबाने गळती होणाऱ्या स्त्रीला रिकाम्या मूत्राशयाने निघण्याचा लाभही होतो. मात्र जिला घाईचा त्रास आहे, ती गरज नसताना दर अर्ध्या तासाला जाऊ लागली की मूत्राशयाला थोड्याशा साठ्यावरच रिकामे होण्याची सवय लागते आणि घाई अधिकच लवकर येऊ लागते. त्याहून वाईट म्हणजे दिवसभर पाणीच न पिणे: दाट झालेली लघवी मूत्राशयाला चुरचुरते, बद्धकोष्ठ होतो आणि कुंथण्याचा ताण पुन्हा त्या झोळीवरच पडतो.

फरक ओळखायला ३ दिवसांची लघवीची वही उत्तम. प्यालेले पाणी-चहा, लघवीची वेळ, मापाच्या भांड्यात मोजलेले प्रमाण आणि गळतीच्या वेळी काय चालले होते, एवढे टिपावे. एखाद्या वहीत ‘सकाळी ७.४०, चहानंतर घाई, ९० मिली, ८.१५, पुन्हा घाई, ७० मिली’ अशा नोंदी दिसतात, तर दुसरीत ‘३५० मिली, बाळाला उचलताना थेंब’. या दोन पानांवरून तज्ज्ञाला पुष्कळ कळते.

दाबाच्या गळतीवर मुख्य उपाय म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली किमान ३ महिने केलेले पेल्विक फ्लोअरचे व्यायाम. दिवसातून ३ वेळा, दर वेळी निदान ८ आकुंचने, हे ब्रिटनमधील नाइस या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीतले प्रमाण आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, त्यामुळे या व्यायामांना केगल यांचेच नाव पडले. करण्याची रीत मात्र बिनचूक हवी. पोटातला वारा सुटू नये म्हणून रोखल्यासारखे आत आणि वर ओढायचे असते. प्रत्यक्षात पुष्कळ जणी श्वास कोंडून खाली जोर देतात, आणि तो उलट परिणाम करतो. म्हणूनच संमती घेऊन केलेली एक तपासणी मोबाइलवरील दहा व्हिडिओंपेक्षा मोलाची असते. चालू लघवी थोपवून सराव करण्याची सवयही लावू नये. शिंक येण्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळून धरण्याची युक्ती जमली की मोठा फरक पडतो.

घाईच्या प्रकारात हेच स्नायू वेगळ्या कामाला येतात. घाई उठली की धावत सुटू नये. जागीच थांबून किंवा बसून स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळावे-सोडावे, श्वास संथ ठेवावा, आणि लाट ओसरल्यावर शांतपणे चालत जावे. दोन खेपांमधले अंतर हळूहळू, दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेण्याला मूत्राशयाचे प्रशिक्षण म्हणतात, आणि ते निदान ६ आठवडे नेटाने करावे लागते. चहा-कॉफी कमी करून पाहावी, मग दिवसातून चार वेळा चहा करणाऱ्या घराला ते कितीही जड गेले तरी.

प्रसूतीनंतर ६ तासांत लघवीच न होणे, लघवीत रक्त येणे, जळजळीसोबत ताप, योनीतून काही खाली उतरल्यासारखे वाटणे किंवा रात्रंदिवस अखंड गळणे ही लक्षणे असल्यास व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

पुष्कळ जणींना दोन्ही त्रास एकत्र असतात. अशा मिश्र प्रकारात जो अधिक छळतो, त्याच्यावर आधी उपचार होतात. व्यायामांनी पुरेसा आराम न पडल्यास घाईवर मूत्राशयाचा स्नायू शांत करणारी औषधे आहेत, तर दाबाच्या गळतीवर मूत्रनलिकेला आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया. त्या शस्त्रक्रियेने घाई बरी होण्याची खात्री देता येत नाही आणि पुढे आणखी मूल हवे असल्यास ती सहसा लांबणीवर टाकली जाते, म्हणून तारीख ठरवण्याआधी आपला त्रास नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावे.