गिलान-उपट्ठान (बौद्ध रुग्णशुश्रूषा)

आजाऱ्याची सेवा हीच साधना मानण्याची बौद्ध परंपरा. पाली भाषेत 'गिलान' म्हणजे आजारी आणि 'उपट्ठान' म्हणजे जवळ राहून केलेली सेवा. भिक्खूंच्या आचारनियमांचा संग्रह असलेल्या विनयपिटकातील 'महावग्ग' ग्रंथाच्या चीवरक्खंधक या आठव्या खंडात तिचे नियम आले आहेत. ध्यान एकीकडे आणि सेवा दुसरीकडे अशी फारकत या परंपरेने केली नाही. दुसऱ्याची काळजी घेताना स्वतःचा राग, किळस आणि लोभ कमी व्हावा, ही अपेक्षा तिच्या नियमांतच दिसते.

नियमांमागची घटना अशी. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. आपला शिष्य आनंद याच्यासह निवासस्थानांची पाहणी करत फिरणारे बुद्ध त्याच्यापाशी आले. "तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही का?" या प्रश्नावर तो "नाही" म्हणाला. कारण विचारल्यावर त्याने सांगितले, की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि खाटेवर निजवले. त्यानंतर संघाला एकत्र बोलावून बुद्ध म्हणाले, "भिक्खूंनो, तुम्हाला सांभाळायला इथे आई नाही, वडील नाहीत. तुम्ही एकमेकांना पाहिले नाही, तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची असेल, त्याने आजाऱ्याची सेवा करावी."

या घटनेत सर्वांत बोचणारे आहे ते त्या भिक्खूचे उत्तर. उपयोगी पडेल त्यालाच सांभाळायचे, हा व्यवहाराचा हिशेब संघातही शिरला होता. घरदार सोडून आलेल्या माणसाला आजारपणात संघाशिवाय दुसरा आधार नव्हता. म्हणून बुद्धांनी ही गोष्ट कोणाच्या मर्जीवर सोडली नाही. आजाऱ्याचा उपाध्याय, म्हणजे त्याला संघात घेणारा गुरू, असेल तर त्याने तो बरा होईपर्यंत, वेळ पडल्यास जन्मभर, शुश्रूषा करायची. उपाध्याय नसेल तर आचार्याने, नाहीतर शिष्याने किंवा गुरुबंधूने. यांपैकी कोणीच नसेल, तर जबाबदारी साऱ्या संघाची. ती टाळली तर 'दुक्कट' नावाचा दोष लागतो. गुरूने शिष्याची सेवा करणेही यात आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे त्याच खंडात आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय आणि कुपथ्य काय हे त्याने ओळखावे. कुपथ्य दूर ठेवावे, पथ्य पुढे करावे. सेवा मैत्रीच्या भावनेने करावी, काही मिळेल या आशेने नव्हे. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून त्याने आजाऱ्याला उभारी द्यावी. यांतली पहिली दोन कौशल्ये आहेत, पुढची दोन मनाची कसोटी पाहतात. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे ज्याने केले आहे, त्याला चौथे लक्षण किती अवघड आहे हे सांगावे लागत नाही.

आजाऱ्यालाही मोकळीक नाही. कुपथ्य करणारा, पथ्याच्या पदार्थातही प्रमाण न राखणारा, औषध न घेणारा, दुखणे वाढले की उतरले हे हितचिंतकाला खरे न सांगणारा आणि वेदना सोसू न शकणारा रुग्ण सांभाळायला कठीण, असे हे ग्रंथ स्पष्ट म्हणतात.

अंगुत्तर निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहात रुग्णांचे तीन प्रकार सांगितले आहेत. काही जण उपचार मिळोत वा न मिळोत, बरे होत नाहीत. काही कसेही बरे होतात. आणि काही योग्य उपचार मिळाले तरच बरे होतात. या तिसऱ्या प्रकारच्या रुग्णासाठी अन्न, औषध आणि शुश्रूषक यांची अनुज्ञा आहे. पण त्याच्यामुळे उरलेल्या दोघांचीही शुश्रूषा करायची. बरा न होणाऱ्याला वाऱ्यावर सोडण्याची पळवाट इथे मुद्दाम बंद केलेली दिसते.

शुश्रूषकालाही भूक लागते, हे विशाखा या उपासिकेने, म्हणजे संसारात राहून बुद्धांना मानणाऱ्या स्त्रीने, ओळखले होते. तिने बुद्धांकडे आठ वर मागितले. त्यांत आजाऱ्यासाठी अन्न आणि औषध होतेच, शिवाय शुश्रूषकासाठी वेगळे अन्नही होते. तो स्वतःच्या भिक्षेसाठी हिंडत राहिला तर आजाऱ्याचे जेवण आणायला उशीर होईल आणि माध्यान्हीनंतर भिक्खूंना जेवता येत नसल्याने आजाऱ्याला उपाशी राहावे लागेल, असे तिने कारण दिले. भिक्खूच्या निधनानंतर त्याचे भिक्षापात्र आणि चीवरे (भिक्खूची वस्त्रे) शुश्रूषकाला द्यावीत, कारण शुश्रूषकांचे उपकार मोठे असतात, असाही नियम पुढे झाला.

सुप्पिया ही वाराणसीची उपासिका रुग्णसेवा करणाऱ्या उपासिकांमध्ये अग्रणी मानली जाते. एका आजारी भिक्खूसाठी मांस मिळेना, तेव्हा तिने स्वतःच्या मांडीचे मांस कापून शिजवून पाठवले, अशी कथा आहे. बुद्धांनी तिच्या श्रद्धेला बोल लावला नाही, पण चौकशी न करता ते खाणाऱ्या भिक्खूची कानउघाडणी केली आणि मनुष्यमांस कायमचे निषिद्ध ठरवले. घेणाऱ्यानेही देणाऱ्याची काळजी वाहिली पाहिजे, असा या कथेचा रोख वाटतो.

या आचारामागचा विचार संयुत्त निकाय या दुसऱ्या उपदेशसंग्रहातील सेदक सुत्तात सापडतो. बांबूवर कसरत करणारा एक डोंबारी आपल्या मेदकथालिका नावाच्या शिष्याला खांद्यावर चढवून म्हणतो, "तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो." शिष्य म्हणतो, "तसे नको. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो; तरच आपण खेळ करून सुखरूप उतरू." बुद्ध शिष्याचे म्हणणे योग्य ठरवतात. पण तिथेच न थांबता ते सांगतात, की स्वतःला राखणारा दुसऱ्याला राखतो आणि दुसऱ्याला राखणारा स्वतःला राखतो. पहिले घडते सततच्या साधनेने. दुसरे घडते क्षमा, अहिंसा, मैत्रीपूर्ण चित्त आणि अनुकंपा यांनी. दोन्हींसाठी स्मृतिप्रस्थानाचा, म्हणजे जागरूकतेचा, अभ्यास हवा. स्वतःचा तोल सुटलेला माणूस दुसऱ्याला आधार देऊ शकत नाही, हे शिष्याचे म्हणणे. आणि दुसऱ्याशी क्षमेने वागताना आपलाच तोल सावरतो, ही बुद्धांची भर.

अतिसार झालेल्या भिक्खूचा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत तो परिचयाचा आहे. करुणा माणसांपुरती असते, मैत्री प्राणिमात्रांपर्यंत पोहोचते, अशी मांडणीही त्याच ग्रंथात येते.

आधुनिक काळात हा आचार विहारांबाहेर मोठ्या प्रमाणावर नेला तो तैवानमध्ये. भिक्खुणी चेंग येन यांनी १९६६ साली ह्वालियन येथे त्झू ची ही बौद्ध सेवासंस्था सुरू केली, तेव्हा तीस गृहिणी घरखर्चातून रोज थोडे पैसे बांबूच्या नळकांड्यात टाकत असत. महिन्याकाठी एकदम रक्कम देण्याऐवजी रोज टाकायची, कारण द्यायची इच्छा रोज जागी व्हायला हवी, ही त्यामागची भूमिका. १९८६ मध्ये ह्वालियनला संस्थेचे रुग्णालय उघडले. मदत देताना तिचे स्वयंसेवक घेणाऱ्यासमोर वाकतात आणि त्याचेच आभार मानतात. सेवेची संधी त्याच्यामुळे मिळाली, असे ते समजतात.