घरी फॅन बेल्ट बदलणं

फॅन बेल्ट म्हणजे कारच्या इंजिनाच्या एका बाजूला बाहेरून दिसणारा रबरी पट्टा. तो क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून फिरतो आणि अल्टरनेटर म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर त्याचाही पंप चालवतो. आजकाल रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असतो, पण मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनीत पंखा खरंच या पट्ट्यावर फिरायचा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली नि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली तरी गॅरेजमध्ये नाव अजून फॅन बेल्टच आहे. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारा टायमिंग बेल्ट मात्र वेगळा, तो कव्हरच्या आत असतो, तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात, तो घरी उघडू नये.

मुंबईत गाडी किलोमीटर कमी चालते पण इंजिन तासन् तास चालू राहतं, सायनला नाहीतर अंधेरीला सिग्नलवर एसी लावून उभं राहायचं म्हणजे बेल्ट फिरतोच आहे, त्यामुळे नुसतं मीटर बघून बेल्टचं वय ठरवू नये. त्यात पावसाळा. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली की ओला बेल्ट घसरतो नि चिखल खाचांमध्ये बसतो. म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावं असं माझं ठाम मत आहे, कारण बेल्ट तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो, चार्जिंग बंद होतं आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर काही मिनिटांत इंजिन तापतं.

सकाळी स्टार्ट केल्यावर चीं-चीं आवाज येत असेल तर चालू इंजिनावर, हात लांब ठेवून, स्प्रे बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी मारून बघायचं. आवाज वाढला तर ताण कमी पडलाय, आणि थांबून थोड्या वेळाने परत आला तर बहुतेक पुल्या एका रेषेत नाहीत, मग नुसता बेल्ट बदलून भागणार नाही. जुन्या रबराला भेगा पडायच्या, आताच्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराला तशा सहसा पडत नाहीत, खाचा टायरसारख्या झिजत खोल होतात, म्हणून भेग नाही म्हणजे बेल्ट चांगला असं समजू नये. आवाज बंद करायला तेल किंवा साबण तर अजिबात लावायचा नाही.

नवीन बेल्ट नंबर बघूनच घ्यायचा. 6पीके1100 लिहिलं असेल तर 6 म्हणजे पट्ट्यावरच्या उभ्या धारांची संख्या, पीके म्हणजे त्यांचा आकार आणि 1100 म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला स्पेअर पार्टची भरपूर दुकानं आहेत, पण बेल्ट जुन्यातला घेऊ नका, नवीनच घ्या.

काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतं, फक्त जमीन सपाट पाहिजे आणि इंजिन पूर्ण थंड. चावी काढून खिशात, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचं उजवं चाक काढलं की पुल्या दिसतात, तेव्हा गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता खाली स्टँड लावायचाच, यात तडजोड नाही. जुना बेल्ट काढायच्या आधी मोबाईलवर त्याच्या वाटेचा फोटो घ्या, कारण नंतर कुठली पुली वरून नि कुठली खालून हे आठवत नाही. स्प्रिंगचा टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली असेल तर पान्याने फिरवून बेल्ट सैल होतो, नाहीतर अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करावे लागतात. बेल्ट निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर बेअरिंग गेलंय.

नवीन चढवताना प्रत्येक धार आपापल्या खाचेत बसली का हे बोटाने चाचपायचं, एक जरी खाच बाजूला सरकली तरी बेल्ट कडेने फाटतो. बोल्टवाल्या गाडीत ताण मॅन्युअलप्रमाणे ठेवा, फार आवळला तर अल्टरनेटर नि पंपाचं बेअरिंग जातं. पाच मिनिटं इंजिन चालवून, बंद करून परत बघायचं, आणि बोल्टवाल्या गाडीत काही दिवसांनी ताण पुन्हा तपासायचा, नवीन बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतो.